सोनवणेबाईंना ऐकू आलेला पंप

सोनवणेबाईंच्या गाडीचा पंप चांगला होता. तो मी बदलला. एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो, कारण चुकून एखादा चांगला पंप बदलला नाही असा मिस्त्री नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो खोटं बोलत असेल. माझी चूक त्याच्या पुढची आहे. पंप चालू आहे असं बाई मला सांगत होत्या, आणि मी त्यांच्या मुलाच्या कानावर जाईल अशा आवाजात म्हणालो की बाईंना भास होतोय. पुढे मला कळलं की भास बाईंना होत नव्हता. कळल्यावर मी नऊ दिवस गप्प बसलो.

या अंकाच्या संपादकांनी मला गॅरेजमधल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेतच. पण टाकीच्या तळाशी गाळ बसतो तशी ही गोष्ट माझ्या सगळ्या गमतींच्या तळाशी बसली आहे. तिच्यासकटच लिहावं लागेल.

माझं गॅरेज तिसगावात, रस्त्याला लागून. तीस वर्षं झाली. ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी आधी पंपाचं सांगतो. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागे असते आणि इंजिन पुढे. पेट्रोल काही आपण होऊन चालत पुढे येत नाही. ते ढकलायला टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला, मुठीत मावेल एवढा विजेचा पंप असतो. चावी अर्धी फिरवली, म्हणजे इंजिन सुरू न करता नुसते दिवे लागेपर्यंत फिरवली, की तो पंप दोन सेकंद चालतो आणि थांबतो. त्याचा आवाज मांजर झोपेत गुरगुरावं तसा येतो. घूं. बास.

गाडी सुरू होत नसेल तर मिस्त्री आधी हा आवाज ऐकतो. आवाज आला तर पंप बहुतेक जिवंत आहे, मग बिघाड पुढे शोधायचा, इंजिनात ठिणगी पडते का, वायरी धड आहेत का. आवाज आला नाही तर फ्यूज बघायचा, पंपाला करंट सोडणारा रिले बघायचा, आणि टेस्टलॅम्प लावून पंपापर्यंत करंट पोचतो का ते बघायचं. करंट पोचतोय आणि आवाज नाही, म्हणजे पंप गेला. सगळं त्या दोन सेकंदांवर असतं.

माझी ऐकायची एक रीत होती. पेट्रोल भरायचं झाकण उघडायचं, बाहेरचा गोंगाट नको म्हणून डाव्या कानात बोट घालायचं आणि उजवा कान टाकीच्या तोंडाला लावायचा. पेट्रोलचा दाब मोजायचं गेजही मिळतं, आणि माझ्याकडे ते होतं. त्याच्या डब्यात मी चहाचे ग्लास ठेवत असे. आता ग्लास दुसरीकडे असतात.

या रीतीने मला गावात नाव मिळवून दिलं, हेही सांगितलं पाहिजे. अकरा-बारा वर्षांपूर्वी लग्नसराईत करंजीच्या घाटात एका नवरदेवाची गाडी बंद पडली. मला मोटारसायकलवर घालून तिथे नेलं. गाडी जुनी, पण अशी सजवलेली की झेंडूच्या माळांत टाकीचं झाकण सापडेना. आत नवरदेव मुंडावळ्या बांधून, मांडीवर नारळ धरून घामाघूम बसला होता. मी बोट घातलं, कान लावला आणि नवरदेवाच्या मामांना चावी फिरवायला सांगितली. काही नाही. करंट पोचत होता. पंपच गेला होता.

पण पंप एकदम मरत नाही. त्याच्या आत कार्बनचे दोन बारके तुकडे असतात. ते झिजले की पंप एखाद्या जागी अडून बसतो. अशा वेळी टाकीला खालून ठोसा दिला तर तुकडे जरासे हलतात आणि अडलेल्या बैलासारखा पंप पुन्हा उठतो. लोखंडाने मात्र ठोकायचं नसतं. पेट्रोलची टाकी, ठिणगी पडली तर अक्षता राहिल्या बाजूला. रबरी हातोडा मी घाईत गॅरेजात विसरलो होतो. माझी नजर नवरदेवाच्या मांडीवर गेली.

"नारळ द्या," मी म्हणालो.

"फोडताय का काय?" मामा ओरडले. "शकुनाचा हाय त्यो!"

"फोडत न्हाई. ठोकतोय."

मी गाडीखाली शिरलो आणि टाकीच्या बुडाला दोन ठोसे दिले. घूं! गाडी सुरू झाली. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी माझ्या पायाही पडली, कारण तेवढेच गाडीखालून बाहेर होते. मग मी मामांना रीत समजावली, बंद पडली की खाली शिरायचं आणि दोन ठोसे द्यायचे.

मामांनी विचारलं, "मांडवापत्तुर किती नारळ लागतील?"

"मांडव किती लांब हाय?"

"असंल बारा-तेरा किलोमीटर."

"मग तीन धरा."

तीनच लागले. मामा फेट्यासकट चार वेळा गाडीखाली गेले. लग्न लागलं तेव्हा नवरदेवाच्या हातात मोसंबं होतं. दुसऱ्या दिवशी मी पंप बदलला आणि जुना उघडून मामांना ते झिजलेले तुकडे दाखवले. ते त्यांनी रुमालात बांधून घरी नेले. अजून त्यांच्या देव्हाऱ्यात आहेत म्हणतात.

या एका गोष्टीवर मी पाटी रंगवून घेतली. 'दत्तू मिस्त्री. कान लावताच निदान.' पेंटरने हौसेने शेजारी एक मोठा गुलाबी कान काढला. मग लोक काहीही आणायला लागले. मिक्सर आणले, शिलाई मशीन आणलं, पिठाची गिरणी आणता येईना म्हणून मलाच गिरणीत नेलं. एक जण सासूला घेऊन आला, छातीत घरघर होते म्हणाला. तिला मी डॉक्टरकडे पाठवलं, पण खोटं कशाला बोलू, आधी पाठीला कान लावून बघितला होता.

माझा कान कधी गेला ते मला सांगता येणार नाही. लाईट गेली की लगेच कळतं. आवाज गेला तर कळत नाही, कारण जो आवाज आलाच नाही तो आला नाही हे सांगणार कोण? घरी सांगणारी होती, पण तिचं मी ऐकलं नाही, दोन्ही अर्थांनी. माझी बायको मंगल एकदा शेजारी जाताना म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा." मी डावा कान तळहातावर टेकवून पेपर वाचत बसलो. स्वयंपाकघर माझ्या उजव्या हाताला होतं. ती पळत परत आली.

"अकरा झाल्या! चावडीपत्तुर ऐकू येत हुत्या! तुमी काय करताय?"

"एकच झाली," मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

"डाळीचा कोळसा झाला, आन् म्हणं एकच झाली!"

मी कुकर तपासला, शिट्टी खराब आहे असं निदान केलं आणि नवी शिट्टी आणली. महिन्याभराने तीही खराब निघाली. तेव्हा मी कंपनीला नावं ठेवली. अशी कानाच्या पापाची शिक्षा मी कुकरला दिली, आणि एका शेतकऱ्याच्या बोअरमधल्या चालू मोटारीला दिली, ती माझ्या सांगण्यावरून दोनशे फुटांवरून वर ओढून काढली होती. स्वतःवर मात्र माझा एकदाही संशय गेला नाही.

आता बाई.

सोनवणेबाई मला चौथीला होत्या. आज त्या पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या फंडातून एक छोटी आकाशी गाडी घेतली, नवी कोरी, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चालवायला शिकल्या. त्या ताशी तीसने चालवतात. वळायच्या आधी इंडिकेटर देतात आणि शिवाय हातही बाहेर काढतात, कारण दिव्यावर त्यांचा पूर्ण विश्वास नाही. टाकी कायम भरलेली. 'अर्धी टाकी म्हणजे अर्धवट गृहपाठ.' बाईंच्या या गाडीत बसून गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या नगरला मोतीबिंदू काढून आल्या आहेत. एसटीने त्यांना कुणी नेत नाही, आणि मुलांना वेळ नसतो. गाडी बाईंची, पण ती गेली तर अडणार होतं बऱ्याच जणींचं.

बाईंचा मुलगा अभय पुण्यात असतो. मुलगा चांगला आहे. आईने या वयात गाडी चालवू नये असं त्याला वाटतं, आणि आईने त्याचं कधी मनावर घेतलं नाही. त्याला फक्त एका कारणाची गरज होती. ते कारण मी दिलं.

एका सकाळी बाईंचा फोन आला. गाडी सुरू होईना. मी गेलो, झाकण उघडलं, डाव्या कानात बोट घातलं, उजवा टाकीला लावला.

"फिरवा चावी, बाई."

काही नाही.

"पुन्हा."

काही नाही. टेस्टलॅम्प लावला तर दिवा दोन सेकंद पेटला. करंट पोचत होता.

"पंप गेला," मी म्हणालो.

"गेला कसा? आवाज येतोय की."

"कसला?"

"घूं करून. मागून येतो आणि थांबतो. रोज यायचा तसाच."

"बाई, तुम्ही पुढे बसलाय. मी टाकीला कान लावलाय."

"तेच म्हणतेय मी. मला इथे ऐकू येतो, तर तुला तिथे कसा येत नाही?"

हा प्रश्न चौथीच्या पोराला सुटला असता. मला सुटला नाही.

मी पंप काढायला घेतला. या कामात बरीच काळजी लागते. आधी बॅटरीची तार सोडवायची. मागचं सीट उचलायचं. त्याच्याखाली पत्र्याचं झाकण असतं आणि झाकणाखाली पंपाचं डोकं, त्यावर एक मोठं कडं आवळून बसवलेलं. ते कडं लाकडाच्या तुकड्याने हलके हलके ठोकत फिरवायचं. पंपाला चिकटून एक लांब काडी आणि तरंगणारा गोळा असतो, तो पेट्रोलचा काटा दाखवतो. पंप ओढून काढला तर काडी वाकते आणि मग टाकी रिकामी असली तरी काटा आयुष्यभर भरलेली दाखवतो. तो तिरका करून, गर्दीतून लहान मूल काढावं तसा काढायचा. बाईंची टाकी काठोकाठ भरलेली, म्हणून आधी निम्मं पेट्रोल डब्यांत काढावं लागलं. सीटखाली मला बाईंचा हरवलेला चष्मा, चिंचेचे पंधरा-वीस चिंचोके आणि एक खडू सापडला. खडू बाईंनी पदराने पुसून पर्समध्ये ठेवला.

काढलेला पंप बॅटरीवर लावून एकदा बघायचा, असा नियम आहे. मी बघितला नाही. कानाने सांगितल्यावर परत हाताला कशाला विचारायचं? नवा पंप बसवला, नवं रबर घातलं, कडं आवळलं आणि कान लावला. काही नाही. इंजिन नुसतं फिरत राहिलं, सुरू झालं नाही.

"आत्ताही आला आवाज," बाई म्हणाल्या. "आधीपेक्षा जरा बारीक आहे."

"नवा पीस पण डेड निघाला," मी म्हणालो.

तेवढ्यात अभयचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला आणि गाडीचं सांगितलं. तो म्हणाला, "काका, आई म्हणते पंपाचा आवाज येतोय, तुम्ही म्हणता येत नाही. नक्की काय?"

माझी पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. गुलाबी कानासकट.

"दादा, बाईंना आपलं वाटतं तसं," मी म्हणालो. "वयाने होतं. कानात घूं घूं होतं. भास असतो तो."

मग अभयने अगदी हळू विचारलं, "आई, हे किती दिवसांपासून होतंय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चौथीत मी एकाची पेन्सिल घेऊन दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं, तेव्हा बघितलं होतं तसं.

मी तो नवा पंप काढून नगरला रफिकभाईंच्या दुकानात घेऊन गेलो. रफिकभाई पंचवीस वर्षांपासून गाड्यांचे पार्ट विकतात. मी पंप काउंटरवर आपटला.

"डेड पीस देता, रफिकभाई?"

त्यांनी शांतपणे दोन वायरी बॅटरीला लावल्या. "चालू हाय की, दत्तूभाऊ. ऐका."

मी डाव्या कानात बोट घातलं आणि वाकलो. "बंद हाय."

"चालू हाय."

"बंद हाय!"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती जवळ आली. सगळी म्हणाली चालू आहे. मला वाटलं रफिकभाईंची माणसं असतील. मी पुन्हा बोट घालून वाकलो, तेव्हा रफिकभाईंनी वैतागून माझा दुसरा हात ओढला, पंप माझ्या तळहातावर ठेवला आणि वायरी टेकवल्या. पंप थरथरत होता, मुठीत धरलेल्या चिमणीसारखा. मी दचकलो, डाव्या कानातलं बोट निसटलं, आणि त्या कानात स्वच्छ आवाज आला. घूं.

मी पंपाकडे बघितलं. मग बोटाकडे बघितलं.

"अर्थिंगचा प्रॉब्लेम असंल," मी म्हणालो.

"कुणाच्या?" रफिकभाईंनी विचारलं.

परत येताना एसटीत मी प्रयोग केला. उजव्या कानात बोट घातलं, एसटीचा खडखडाट होताच. डाव्या कानात बोट घातलं, आणि एसटी शांत झाली. ज्यांनी एसटीने प्रवास केला आहे त्यांना कळेल की हे लक्षण किती गंभीर आहे.

मी सरळ बाईंकडे गेलो. पंप बसवला, डावा कान लावला. घूं. पंप ठीक असेल तर बिघाड पुढे शोधायचा, म्हणून बॉनेट उघडलं, आणि पाच मिनिटांत सापडला. इंजिन फिरतंय हे सांगणारा एक सेन्सर असतो. त्याने सांगितल्याशिवाय ठिणगीच पडत नाही. त्याची बारीक वायर उंदराने कुरतडली होती. शेजारी लेंड्या होत्या, म्हणजे त्याने सहीसुद्धा केली होती. वायर जोडली, टेप गुंडाळली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली.

बाई लहान मुलीसारख्या हसल्या. "काय होतं रे, दत्तू?"

इथे मी सांगायला हवं होतं. तिथे आम्ही दोघंच होतो, आणि दोन वाक्यांचं काम होतं.

"पीस बदलून आणला," मी म्हणालो. "हा चांगला निघाला."

"आणि तो आवाज?"

"कोणता आवाज?" मी म्हणालो.

पुढे काय झालं ते बाईंकडूनच कळलं. आठवड्याभराने त्या हवा भरायला गॅरेजात आल्या. अभय पुण्याहून येऊन त्यांना नगरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तासभर कान तपासले आणि सांगितलं, या वयात असे कान फार कमी बघायला मिळतात.

"मग बरंच झालं की, बाई," मी म्हणालो. माझा जीव भांड्यात पडला.

"कसलं बरं? अभय म्हणतो, कान चांगले आहेत, म्हणजे आवाज कानातला नाही. डोक्यातला आहे." बाईंनी चाकाकडे बघत सांगितलं. "या रविवारी तो गाडीला गिऱ्हाईक घेऊन येतोय. मी फार भांडले. मग वाटलं, खरंच मला काही होत असलं तर? गाडीत मी एकटी नसते ना रे." मग त्यांनी विचारलं, "दत्तू, तुला तो आवाज नक्की ऐकू आला नव्हता ना?"

"नाही, बाई," मी म्हणालो.

ते शंभर टक्के खरं होतं. इतकं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

घरी मी जेवलो नाही. मंगल माझ्या उजव्या बाजूला बसली होती. थोड्या वेळाने ती उठून डाव्या बाजूला येऊन बसली.

"आत्ता तिकडून काय म्हणले मी?"

"काही म्हणालीस का?"

"बारीक आवाजात तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साधी मान न्हाई हलली." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "कान गेला हे ठावं हाय तुमाला. व्हय ना? आन् दुसरं बी काही हाय."

मी सगळं सांगितलं. तिने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "कान गेला तर मशीन मिळतं. बाईची गाडी गेली तर त्यांनी काय लावायचं?"

रविवारी मी बाईंचा पहिला, मी मेला म्हणून काढलेला पंप पुसून कोरडा केला आणि एक बॅटरी घेऊन त्यांच्या घरी गेलो. अंगणात अभय होता. शेवगावचा एक गाड्यांचा दलाल गाडीभोवती फिरून पत्रा वाजवून बघत होता. ओट्यावर मोतीबिंदूवाल्या चार-पाच म्हाताऱ्या रांगेने बसल्या होत्या, गाडीला निरोप द्यायला. बाई दारात उभ्या होत्या. चावी दलालाच्या हातात होती.

"काका, आता काय बिघडलं?" अभयने विचारलं.

"सांगतो," मी म्हणालो. बॅटरी ओट्यावर ठेवली, पंप शेजारी ठेवला. "हा बाईंचा जुना पंप. मी डेड म्हणून काढलेला. आवाज आला की हात वर करा." आणि वायरी टेकवल्या.

सगळ्यांत आधी म्हाताऱ्यांचे हात वर गेले. मग अभयचा. मग दलालाचाही गेला, त्याला वाटलं त्याच्याही काही फायद्याचं असेल.

"लई मोठ्यानं येतोय की!" एक म्हातारी म्हणाली. "भुंगा हाय व्हय आत?"

मी डाव्या कानात बोट घातलं. पंप चालूच होता. "मला येत नाही," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. कान, रफिकभाई, एसटी, उंदीर. बाईंना ऐकू येत होतं ते खरं होतं आणि मला ते नऊ दिवसांपूर्वीच कळलं होतं, हेही सांगितलं. अभय पंपाकडे बघत राहिला. मग त्याने दलालाच्या हातातून चावी काढून घेतली, बाईंसमोर धरली आणि म्हणाला, "आई, मी तुला विचारायला हवं होतं. त्यांना नाही."

बाईंनी चावी घेतली नाही. त्या माझ्याकडे आल्या.

"कोणता कान?"

"उजवा."

बाईंचा चेहरा उतरला. "मी चौथीत तुझा कान फार पिळायचे रे. कोणता पिळायचे?"

"डावा, बाई. तुम्ही पिळलेला तेवढाच शाबूत राहिलाय."

ओट्यावर हसू फुटलं. अभयही हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. मला वाटलं झालं, सुटलो, आणि मी वायरी गुंडाळायला खाली वाकलो.

"दत्तू, उभा राहा," बाई म्हणाल्या. "काय काय झालं ते सांगितलंस. ती गोष्ट झाली. अजून एक राहिलंय."

मी उभा राहिलो. हाताची घडी आपोआप झाली. वय चोपन्न. मी जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या. "शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

मग मी मान वर केली आणि ओट्यावरच्या शेवटच्या म्हातारीपर्यंत जाईल, माझ्या उजव्या कानालाही ऐकू येईल, अशा आवाजात म्हणालो, "बाई, आवाज होता. तो तुम्हाला येत होता. मला येत नव्हता, आणि ते कळल्यावर मी लपवलं. माझं चुकलं, बाई. मला माफ करा."